सांता लुझियाचा आकडा

हे सगळं दोन हजार नऊ सालच्या जानेवारीत घडलं. सालाबद्दल माझी चूक होणार नाही, कारण त्याच महिन्यात ओतिलिया माझ्याशी शेवटचं बोलली, आणि त्याआधीची एकसष्ट वर्षं आम्ही दोघी दिवसाआड भांडत आलो होतो.

आमच्या पेद्रा मियुदा गावात बँक कधीच नव्हती. माझ्या तरुणपणी तर पेन्शन पोस्टाच्या खिडकीत मिळायची. खिडकीमागे सेउ अनिझियो, म्हणजे आमचे अनिझियोराव, बसायचे. ते आधी गुडघ्याची चौकशी करत, मग मुलाबाळांची, आणि मग पैसे देत. गावातला प्रत्येक चेहरा त्यांना पाठ होता. एकदा एक बाई मेलेल्या बहिणीच्या नावावर पैसे घ्यायला आली, तेव्हा त्यांनी तिला शांतपणे विचारलं, की बहीण कबरीतून उठलीच आहे तर स्वतः का नाही आली. त्या काळी चोरी करायची तर माणसाच्या तोंडासमोर उभं राहून करावी लागायची. मला तो काळ आवडायचा. आताही आवडतो.

दोन हजार चार साली कारुआरू शहराहून बँकेची गाडी आली आणि सगळ्या म्हाताऱ्यांना कार्डं वाटून गेली. एटीएम बसवलं सेउ आमाउरींच्या औषधांच्या दुकानात, वजनकाटा आणि बाळांच्या दुधाचे डबे यांच्या मधोमध. गाडीतल्या मुलीने सांगितलं, प्रत्येकाने चार आकडे निवडा, कधी विसरणार नाही असे, आणि कुठे लिहून ठेवू नका.

चर्चमधली रोझरी, म्हणजे बायकांची माळेची प्रार्थना, ओतिलिया चालवायची. सणाआधीची नऊ दिवसांची नोव्हेनाही तीच चालवायची, आणि खरं म्हणजे फादरही तीच चालवायची. तिने तिथल्या तिथे निकाल दिला. आपली रक्षणकर्ती सांता लुझिया, डोळ्यांची संतीण, तिचा सण तेरा डिसेंबरला. तेव्हा सगळ्यांनी तेरा आणि बारा टाकायचं. पेद्रा मियुदातली बाई स्वतःचं नाव विसरेल, पण तो दिवस विसरणार नाही. शिवाय आकडा संतिणीचा म्हटल्यावर राखणही तिचीच. बायकांना ते फार पटलं. एकेक जण पुढे गेली, क्रूस केला आणि तेरा बारा दाबलं.

मी रांगेत ओतिलियाच्या मागे होते. मी पण क्रूस केला. पण मी शून्य चार, शून्य आठ दाबलं.

ऑगस्टची चार तारीख म्हणजे एर्नानीचा वाढदिवस. एर्नानी ओतिलियाचा नवरा. सत्तावन्न साली सेंट जॉनच्या जत्रेत तो तिन्ही दिवस माझ्याबरोबर नाचला होता, आणि मक्याची कापणी झाली की तुझ्या वडिलांशी बोलतो, असं म्हणाला होता. त्याच्या वाढदिवसाला मी मक्याचा केक करून त्याच्या घरी नेला. दार ओतिलियाने उघडलं. अंगावर त्याच्या आईचा एप्रन होता आणि हाताला पीठ लागलेलं होतं. मी तो केक तसाच परत आणला आणि आमच्या कोंबड्यांना घातला. ऑक्टोबरात त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी माझं लोरिव्हालशी झालं. लोरिव्हाल चांगला माणूस होता. तो एर्नानीबरोबर कातडी कमावायचा, त्यामुळे दोन्ही घरांचं येणंजाणं वाढलं, आणि माझ्या एदिमारच्या बाप्तिस्म्याला ओतिलिया धर्ममाता झाली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायला लागलो. त्या तीन नाचांबद्दल तिला कधी कळलं नाही. एर्नानी एक्याण्णव साली गेला. दर चार ऑगस्टला ती त्याच्या नावाची मिस्सा ठेवायची, आणि आम्ही सगळ्या जायचो.

गाडीतल्या मुलीने विसरणार नाही असा आकडा मागितला होता. मी तिच्याशी खोटं बोलले नाही, एवढंच.

आता माझ्या सुनेबद्दल. जुसारा आमच्या गावची नव्हती, समुद्राकडची होती. नखं रंगवायची, मोठ्याने हसायची, आणि वर ती नव्या पंथाची होती. त्यांचं चर्च म्हणजे टायरच्या दुकानामागची एक खोली. संतांच्या मूर्तींना ती प्लास्टरच्या बाहुल्या म्हणायची. माझ्या घरात चार वर्षं राहून तिने मला एकदाही आई म्हटलं नाही. ‘दोना झुल्मिरा’ म्हणायची, जशी दुकानातल्या गिऱ्हाइकाला म्हणायची तशी. एदिमार ट्रक चालवायचा, महिन्यातून पाच दिवस घरी असायचा. उरलेले पंचवीस दिवस आम्ही दोघी एका टेबलावर मक्याचं कुस्कुस खायचो आणि रेडिओ ऐकायचो. मला ती आवडत नव्हती, आणि ते मी कधी लपवलंही नाही.

ती आमाउरींच्या दुकानात कामाला होती. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना मशीनपाशी न्यायची, कार्ड कुठल्या बाजूने घालायचं ते दाखवायची, आणि आकडा दाबायची वेळ आली की तोंड फिरवून दुधाच्या डब्यांकडे बघत उभी राहायची. आमच्या बायका तरीही पंख्याने नाहीतर शालीने बटणं झाकून घ्यायच्या. तसं बँकेनेच सांगितलं होतं. फक्त सेउ किरिनोचा आकडा ती स्वतः दाबायची, कारण दारूने त्याचे हात थरथरायचे आणि तो तीनदा चुकायचा. किरिनोने कार्डासाठी लॉटरीतला आकडा घेतला होता, प्राण्यांच्या लॉटरीत वीस वर्षं तो ज्या एकाच आकड्यावर पैसे लावत होता तोच.

दोन हजार आठच्या डिसेंबरच्या एक तारखेला क्लेबर गावात आला. तिशीचा असेल. छातीवर कंपनीचं नाव शिवलेला निळा शर्ट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र, हातात हत्यारांची पेटी. आमाउरींना त्याने कागद दाखवला, की जिल्ह्यातली सगळी मशीनं साफ करायची आहेत. तासभर मशीनशी खुडबुड करून गेला. राहायला खोली हवी होती, ती त्याला ओतिलियाने दिली.

दोन आठवडे तो तिच्याकडे राहिला. सकाळी पेटी घेऊन मोटरसायकलवर आसपासच्या गावांना जायचा आणि संध्याकाळी नोव्हेनाला हजर. ओतिलियाच्या हाताला ओठ लावून आशीर्वाद मागायचा. मुंगुन्झाची खीर वाढायला मदत करायचा. ओतिलिया मला ऐकू जाईल अशा बेताने दुसऱ्या बायकांना सांगायची, की काही लोकांच्या घरी संत म्हणजे बाहुल्या असतात, आणि काही लोक परक्या गावातून येऊनही गुडघे टेकतात. सणाच्या दिवशी मूर्तीच्या पालखीला पुढून खांदा त्याचाच होता. दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा एकदा तपासून तो निघून गेला. ओतिलियाने त्याला वाटेत खायला चीज बांधून दिलं.

जानेवारीच्या पाच तारखेला, सोमवारी, पेन्शन जमा व्हायची होती. बायका नेहमीसारख्या सकाळीच दुकानात गेल्या. मशीनने पहिलीला सांगितलं, पैसे नाहीत. दुसरीलाही तेच. सेउ आमाउरींनी मशीनच्या बाजूवर थाप मारून पाहिली, जशी ते रेडिओला मारायचे. मंगळवारी ज्यांची जमा व्हायची होती त्यांचंही तेच झालं. सगळ्या मिळून चौदा जणी. चौदाही रोझरीतल्या.

माझे पैसे जागेवर होते. किरिनोचेही होते.

बुधवारी कारुआरूहून बँकेचा माणूस आला. बारीकसा, घामाने चिंब झालेला, टाय न सोडणारा. सोबत आमचे सार्जंट बारोस. बँकेच्या माणसाने मशीनपाशी वाकून पाहिलं, कार्ड घालायच्या तोंडाला नखाने चाचपलं, मग स्क्रूड्रायव्हर घालून जोर केला. तोंड निघून त्याच्या हातात आलं. आणि त्याच्या खाली आणखी एक तोंड होतं, खरं.

त्याने ते खोटं तोंड आम्हाला फिरवून दाखवलं. बाहेरून अगदी मशीनच्या रंगाचं, आतून पोकळ. म्हणाला, याला शुपा-काब्रा म्हणतात. शेळ्यांचं रक्त शोषून घेणाऱ्या त्या जनावराच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी रेडिओवर ऐकल्या होत्या, त्यामुळे दोघीतिघींनी क्रूस केला. कार्ड आत जाताना या तोंडातला वाचक कार्डामागची काळी पट्टी वाचून घेतो आणि साठवून ठेवतो. कार्ड पुढे खऱ्या तोंडात जातं, पैसे येतात, कोणाला काही कळत नाही. मग चोर येऊन वाचक काढून नेतो आणि कोऱ्या कार्डांवर त्या पट्ट्या उतरवतो. इथे उकाड्याने डिंक असा पक्का बसला होता, की त्याला फक्त आतलं काढता आलं, टरफल मागे राहिलं. डिसेंबरची पेन्शन काढताना आमची कार्डं त्याने वाचली होती. जानेवारीची पेन्शन जमा झाली तशी, आमच्या बायका केस विंचरत होत्या तेवढ्यात, कारुआरूच्या एका मशीनमधून सगळी काढून नेली.

मग तो म्हणाला, नुसत्या पट्टीने काही होत नाही, आकडाही लागतो. आकड्यासाठी चोर मशीनवर कुठेतरी बारीक कॅमेरा चिकटवतो. त्याने वर पाहिलं, बाजूला पाहिलं, आमाउरींच्या जाहिराती काढून पाहिल्या. कॅमेऱ्याची खूण कुठेच नव्हती. आणि असता तरी पंख्या-शालीआडून त्याला काय दिसणार. म्हणजे आकडे कोणीतरी सांगितलेले होते.

सगळ्यांच्या माना जुसाराकडे वळल्या.

ओतिलिया एवढंच म्हणाली, की मशीनपाशी आमच्या खांद्याला खांदा लावून कोण उभं असतं, ते या साहेबांना कोणीतरी सांगा. क्लेबरचं नाव निघालं तेव्हा ती भडकली. त्या पोराने संतिणीला खांदा दिला आहे. खोटं तोंड त्याने बसवलं कशावरून, तो गेल्यावर दुसऱ्या कोणी कशावरून नाही.

बँकेच्या माणसाने यादी वाचली. चौदा कार्डांना पहिल्याच फटक्यात पैसे मिळाले होते. आणखी दोन कार्डांच्या नकला त्याच दोन दिवसांत त्याच मशीनमध्ये घातल्या गेल्या होत्या, पण आकडा चुकला म्हणून मशीनने नाकारल्या. एक किरिनोची, एक माझी.

जुसारा रडली नाही. तिने काउंटरवर हात टेकले आणि सार्जंटना सांगितलं, की अख्ख्या गावात तिला एकाच माणसाचा आकडा माहीत आहे, सेउ किरिनोचा, कारण तो ती स्वतः दाबते. ती चोरांना सामील असती तर पहिले पैसे किरिनोचे गेले असते. किरिनो बाकावरून उठून हो म्हणाला आणि पुन्हा बसताना बाक चुकला. लोक हसले. बिचारीची साक्ष तिथेच संपली.

ओतिलियाने निकाल लावला. हिने बेवड्याचे चार पैसे मुद्दाम सोडून दिले, म्हणजे पकडली गेली तर त्यांच्याकडे बोट दाखवता येईल. आणि सासूचे सोडले, कारण रात्री जेवायचं तिथेच असतं.

सार्जंटनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, सोमवारी जुसाराला जबाबासाठी कारुआरूला न्यावं लागेल. जबाब म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. कारुआरूच्या कोठडीत गेलेली बाई सहा महिन्यांच्या आत परत येत नाही, आणि आली तरी तिला कोणी कामावर ठेवत नाही. आमाउरींनी तिला तोवर घरी बसायला सांगितलं.

मी यादी ऐकत होते तेव्हाच मला कळलं होतं. ती चौदा नावं मी मनातल्या मनात रोझरीला बसायच्या क्रमाने लावली. चौदा कार्डं, एकच आकडा. चोराला चौदा आकडे सांगायची गरजच नव्हती. सोळाही कार्डांवर त्याने तेरा बारा मारलं, चौदा उघडली, दोन नाही. त्यातलं एक माझं.

हे मी तोंड उघडून सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की तुझा कुठला.

घरी जुसाराने ताटं मांडली. मग ती म्हणाली, “मशीनने तुमचं कार्ड नाकारलं, दोना झुल्मिरा. का नाकारलं ते तुम्हाला माहीत आहे.”

मी म्हटलं, मला काय माहीत, मी म्हातारी बाई.

“तुम्ही म्हाताऱ्या आहात, मठ्ठ नाही,” ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. मी तीन दिवस गप्प राहिले. त्या तीन दिवसांत आमच्या दारावर कोणीतरी चुन्याने चोर असं लिहून गेलं. जुसाराने ते पुसलं. पावाच्या दुकानात मला सगळ्यांच्या शेवटी पाव दिला. एदिमारने फोनवर विचारलं, आई, खरं काय आहे, आणि मी त्याला म्हटलं, बघू. खरं सांगायचं तर त्यातला एक भाग मला बरा वाटत होता. ही गेली तर घर पुन्हा माझं होईल, रेडिओ माझ्या मनासारखा लागेल, मुलगा पाच दिवस आला की पाचही दिवस माझा असेल. असं माझ्या मनात आलं. एकदा नाही, पुष्कळदा.

शुक्रवारी दुपारी जुसारा माझ्या खोलीत आली. तिच्या हातात इस्त्री केलेले माझे कपडे होते. ते तिने खुर्चीवर ठेवले, रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या करून ठेवल्या, आणि सांगितलं, की सोमवारनंतर या कोणी काढून देणार नाही, म्हणून महिनाभराच्या पुड्या बांधून ठेवल्यात. तिच्या आवाजात माया नव्हती. रागही नव्हता. गिऱ्हाइकाला सांगावं तसं तिने सांगितलं. पुड्या मोजल्या तर एकतीस होत्या.

शनिवारी सकाळी बँकेचा माणूस मशीनला नवं तोंड बसवायला आला होता. सार्जंट होते, आमाउरी होते, आणि आपले पैसे कधी परत मिळणार ते विचारायला रोझरीतल्या सगळ्या जणी जमल्या होत्या. मी आत गेले. जुसाराला मी चल म्हटलं नव्हतं, पण ती माझ्या मागोमाग आली होती आणि दारातच थांबली.

मी सार्जंटना सांगितलं, की या चौदाजणींना विचारा, त्यांचा आकडा एकच आहे की नाही.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओतिलिया म्हणाली, आकडा सांगायचा नसतो. मी म्हटलं, मग मी सांगते, तेरा बारा. बँकेच्या माणसाच्या हातातून स्क्रूड्रायव्हर पडला. त्याने एकेकीला विचारलं. पहिलीने मान हलवली, दुसरीने हलवली. चौदाही माना हलल्या. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि आईच्या नावाने काहीतरी पुटपुटला.

ओतिलियानेही मान हलवली होती, पण ती जागची हलली नाही. तिने डोळे बारीक केले.

“मग तुझं का नाही गेलं, कोमाद्रे? तू माझ्या मागे उभी होतीस. क्रूस केलास तो मी पाहिला.”

“क्रूस केला. आकडा दुसरा दाबला.”

“सुनेला वाचवायला खोटं बोलतेयस. आता, वयाच्या सत्तरीत.”

“एकाहत्तरीत,” मी म्हटलं.

“मग सांग की कुठला दाबलास.”

बँकेचा माणूस मध्ये पडला, की कृपा करून कोणीही आता आणखी एकही आकडा मोठ्याने सांगू नका. ओतिलियाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती म्हणाली, आधी सांगू दे आणि मग मशीनमध्ये दाबू दे, सगळ्यांसमोर. मशीनने पैसे दिले तर मी मानेन. नाही दिले तर दोघींना न्या.

सार्जंटना ते बरोबर वाटलं. मी पिशवीतून कार्ड काढलं. जुसारा दारात होती, आणि तिने त्याही वेळी तोंड फिरवलं, दुधाच्या डब्यांकडे. चार वर्षांची सवय.

मी म्हटलं, “शून्य चार, शून्य आठ,” आणि बटणं दाबली. शाल आडवी धरली नाही.

मशीन घरघरलं. पैसे बाहेर आले. मी ते घेतले नाहीत, तसेच फटीत अडकून राहिले.

तिथल्या रोझरीतल्या प्रत्येक बाईने सतरा वर्षं चार ऑगस्टच्या मिस्सेला गुडघे टेकले होते. कोणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ओतिलियाचे ओठ पातळ झाले.

“एर्नानीची तारीख आहे ही.”

“हो.”

“कधीपासून?”

“कार्ड मिळालं तेव्हापासून.”

“मी कार्डाचं विचारत नाही, झुल्मिरा.”

कोमाद्रे नाही म्हणाली. झुल्मिरा म्हणाली. मी सत्तावन्न साल सांगितलं. जत्रेतले तीन दिवस सांगितले, आणि त्यानंतर कधी काही नाही, हेही सांगितलं. शेवटचं तिने ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. तिने आपली पर्स बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

सार्जंटनी घसा साफ करून विचारलं, की तेरा बारा हा आकडा रोझरीबाहेर आणखी कोणाला माहीत होता. त्यांनी तोंडाने विचारलं सगळ्यांना, पण पाहिलं दाराकडे, जुसाराकडे.

मला वाटलं, ओतिलिया आता गप्प बसेल. तिला गप्प बसायला हजार कारणं होती, आणि त्यातली नऊशे मी आत्ताच तिच्या हातात दिली होती. तिने माझ्याकडे पाठ केली आणि सार्जंटच्या वहीवर बोट ठेवलं.

“लिहून घ्या. त्या पोराला मी सांगितलं. जेवताना म्हणाला, मावशी, म्हाताऱ्या बायकांना इतके आकडे कसे लक्षात राहतात. मी म्हटलं, आमचे आकडे संतीण सांभाळते, सगळ्यांचा मिळून एकच आहे, तिच्या सणाचा. माझ्या टेबलावर सांगितलं. माझ्या हातचं खात होता.”

मग ती दारातल्या जुसाराजवळून बाहेर जायला निघाली. तिच्यासमोर क्षणभर थांबली. माफी मागितली नाही. तिची नजर जुसाराच्या रंगवलेल्या नखांवर गेली, आणि ती निघून गेली. फटीतले पैसे मशीनने परत आत ओढून घेतले. बँकेच्या माणसाने मला तिथल्या तिथे आकडा बदलायला लावला, आणि या वेळी दुकानातल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

क्लेबर मार्चमध्ये कांपिना ग्रांदेजवळ एका पेट्रोल पंपावर सापडला. कार्डांची खोकी आणि चार ओळखपत्रं, चारही वेगळ्या नावांची. सार्जंटनी आणलेल्या फोटोत तो हसत होता. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोन वर्षं भोगली.

बायकांचे पैसे बँकेने सात महिन्यांनी परत दिले. सगळ्यांना नवीन आकडे घ्यायला सांगितले. त्यातल्या निम्म्याजणींनी आपापसांत न बोलता एकोणीस मार्च टाकला, संत जोसेफचा दिवस. हे मला आमाउरींनी सांगितलं, आणि त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. आमाउरी दुकान विकून मुलीकडे रेसिफेला गेले आणि तिथे मधुमेहाने वारले.

किरिनो दोन हजार बारा साली गेला. त्याचा आकडा लॉटरीत शेवटपर्यंत निघाला नाही. तो गेल्यावर पंधरवड्याने निघाला, असं त्याची बहीण सांगते, पण ती आधीपासूनच खोटारडी.

जुसारा पुन्हा दुकानात गेली नाही. एप्रिलमध्ये एदिमारला पेत्रोलिनात नोकरी लागली आणि ते दोघं गेले. निघताना मी तिला म्हटलं, की शेवटी सांगितलं तर मीच. ती म्हणाली, “तीन दिवसांनी.” मग माझ्या गालाला गाल लावला, कारण एदिमार बघत होता. ती आता तिथे स्वतःचं औषधांचं दुकान चालवते. ख्रिसमसला फोन येतो. अजूनही दोना झुल्मिराच म्हणते. तिने बांधलेल्या पुड्या मी महिनाभर पुरवून खाल्ल्या, एकही चुकवली नाही.

ओतिलिया त्यानंतर सहा वर्षं जगली. रोझरीत ती डावीकडे बसायची, मी उजवीकडे. ती माझ्याशी बोलली नाही, आणि माझ्याबद्दल कोणाशी वाईटही बोलली नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला. चार ऑगस्टची मिस्सा ती ठेवत राहिली. मी त्या मिस्सेला जायचं बंद केलं. दोन हजार पंधरा साली जूनमध्ये ती गेली. मूलबाळ नव्हतं. त्या ऑगस्टला एर्नानीच्या नावाची मिस्सा सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून तीन तारखेला मी फादरकडे जाऊन सांगितली. दोन्ही नावं द्यायला सांगितली, आधी तिचं. दर वर्षी सांगते. यंदाही सांगितली.